पडलेल्या पिक्चरचं गाणं

माझे बाबा मोताळ्यात लग्नाचा बँड चालवतात. शालिग्राम मास्तर म्हटलं की तालुक्यात कोणीही घर दाखवेल. डीजेवाल्यांनी निम्म्याहून जास्त लग्नं पळवली, बाबांची क्लॅरनेट मात्र अजून तशीच वाजते आणि ज्यांना ती ऐकायची असते ते अजून शोधत येतात.

मुळात आमचं घर शेतकऱ्याचं. दोन्ही काका कापूस-सोयाबीन पाहतात. बाबा सगळ्यात धाकटे. लहानपणी गावात कुठलीही वरात आली की बाजेवाल्यांच्या मागं मागं जायचे, जेवायचं भान नसायचं. शेवटी एका वयस्कर क्लॅरनेटवाल्याला यांची दया आली आणि त्यांनी शिकवलं. आजोबा इतके चिडले की वर्षभर बोलले नाहीत म्हणे. बाबांना त्याचं फारसं काही वाटलं नसावं, कारण ते स्वतःच कोणाशी बोलत नाहीत. चहा घेता का विचारा, "हं." भाजी कशी झाली, "हं." मी राखी, आईवर गेले आहे. विमलबाईंची लेक, तोंड उघडलं की बंद व्हायला वेळ लागतो, आणि राग तर नाकावरच.

बँडच्या धंद्यात एक पक्की गोष्ट असते. तिथं पिक्चरचं वाजवायचं. स्वतःचं काही बनवलं असेल तर ते घरी ठेवायचं. लग्नवाला विचारतोच, "मास्तर, कोनत्या पिक्चरचं हाये?" त्याला "माझं आहे" असं सांगितलं की त्याचा चेहराच पडतो. आपण पैसे मोजून बँड बोलावला आणि हा माणूस मनाचं काहीतरी फुंकतोय असं त्याला वाटतं. पिक्चरचं म्हटलं की तोच माणूस मान डोलावतो.

बाबांची एक बिदाईची धून होती. मुलगी जीपमध्ये बसायला निघाली की ते ती वाजवायचे आणि अख्खा मांडव रडायचा. कोणी विचारलं तर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "जुन्या पिक्चरचं हाये. पिक्चर पडला, म्हनून कोनाले मालूम नाही." त्यामुळे मोताळ्यात त्या धुनेचं नावच पडलं, पडलेल्या पिक्चरचं गाणं. लोक येऊन तसंच सांगायचे, "मास्तर, थे पडलेल्या पिक्चरचं वाजवा बरं."

त्या पिक्चरचं नाव मी किती शोधलं! शेगावात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत, जुनी गाणी त्यांना तोंडपाठ. त्यांच्यासमोर मी भर दुकानात धून गुणगुणली. नाही सापडली. मोबाइलला ऐकवली, त्यालाही नाही सापडली. मला ती धून आवडायची, आणि खरं सांगायचं तर तिचा रागही यायचा. कारण ती मी पहिल्यांदा ऐकली माझ्याच लग्नात.

वीस वर्षं झाली त्याला. बिदाईच्या वेळी सगळ्या मुलींचे बाप गाडीजवळ उभे असतात. मुलगी गळ्यात पडते, बाप रडतो, बाया त्याला धरतात. माझा बाप कुठं होता? बँडमध्ये. डोक्यावर ती लाल टोपी घालून वाजवत होता. मी आईच्या गळ्यात पडले, दोन्ही काकूंच्या पडले, आणि बाबांना शोधत राहिले. दिसली ती फक्त टोपी, चार माणसांच्या पलीकडं. जीप सुटली तेव्हा माझ्या मनात आलं, आजच्या दिवशी तरी धंदा बाजूला ठेवायचा होता हो. हे मी कोणाला बोलले नाही. सासरी मात्र कोणी बाबांच्या वाजवण्याचं कौतुक केलं की माझं तोंड वाकडं व्हायचं.

तरी बाप तो बापच. शेगावात माझं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान आहे. डीजेमुळे बाबांची कामं कमी झाली तेव्हा मीच यूट्यूबवर त्यांच्या बँडचं चॅनल काढलं. मोताळ्याला गेले की फोनवर शूटिंग करायचं आणि शेगावात येऊन टाकायचं. बिदाईच्या धुनेचा व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. त्याला मी मोठ्या हौसेनं नाव दिलं होतं, "जुन्या चित्रपटातील दुर्मिळ बिदाई गीत". व्हिडिओच्या सुरुवातीला बाबा कॅमेऱ्याकडं बघून सांगतातही, "आता जुन्या पिक्चरचं गानं आयका." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

आणि एक दिवस दुपारी, मशीनवर बसलेली असताना, फोनवर निरोप आला. तुमच्या व्हिडिओतल्या संगीतावर दुसऱ्यानं हक्क सांगितला आहे.

आत जाऊन पाहिलं. कुठल्याशा शहरातल्या स्टुडिओची एक "विदाई धून" होती. कीबोर्डवर वाजवलेली, मागं धडाधड ढोल. ऐकली तर आमचीच! सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमचीच. खाली धून बनवणारा म्हणून कोणा अनोळखी माणसाचं नाव. आमच्या व्हिडिओखालीही आता तेच नाव दिसत होतं, आणि जाहिरातीचं जे काही यायचं तेही त्यांच्याकडं जाणार होतं.

मला मात्र राग नाही आला. पिक्चरचंच गाणं ना, मग कोणा कंपनीचं असेल, त्यांनी हक्क सांगितला, असं मी समजले. मी बाबांना फोन लावला.

"पोलीस येतीन काय?" बाबांनी विचारलं.

"नाही येत. व्हिडिओ राह्यते, फक्त गानं त्याइच्या नावानं दिसते."

मग म्हणाले, "जाऊ दे मंग." आणि फोन ठेवला.

पोळ्याला मी माहेरी गेले. सणाच्या दुसऱ्या दिवशी बाबा ओसरीवर बसले होते, आई चुलीवर उरलेल्या पुरणपोळ्या गरम करत होती. मी फोन काढून त्यांना दाखवलं. यात असे असे मार्ग आहेत. हरकत घेता येते, आवाज बंद करता येतो, किंवा हे गाणं काढून तिथं दुसरं फुकटचं गाणं टाकता येतं. एक बासरीची धून मी निवडूनही ठेवली होती. ही टाकली की हक्काची भानगड मिटते, असं म्हणत मी बटणावर अंगठा नेला.

बाबांनी माझं मनगट धरलं. मी चमकलेच. लहानपणापासून कधी हात धरला नव्हता या माणसानं.

"राहू दे," ते म्हणाले.

"काऊन? दुसऱ्याचं गानं हाये, काढून टाकू, झालं."

"दुसऱ्याचं नाही."

"मंग कोनाचं? त्या पिक्चरवाल्याचं? तं नाव सांगा एकदाचं त्या पिक्चरचं. वीस वर्षं झाले, इचारून इचारून थकली मी."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आता तरी सांगून टाका. किती वर्षं पाडसान तो पिक्चर?"

"पिक्चरच नाही," बाबा म्हणाले. "म्याच बनवलं. तुह्या लग्नाच्या आंधी. वावरात बसून."

मला आधी हसू आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"तू इचारलं नाही."

"अहो शंभर डाव इचारलं!"

"तू पिक्चर कोनता थे इचारलं."

मी आईकडं वळले. तिला ठाऊक होतं. "महिनाभर रातच्यानं तुमी झोपल्यावर तेच गुणगुणत होते, मले काय कान नाहीत?" ती म्हणाली. लग्नात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मांडवातच कोणीतरी विचारलं, हे कोणत्या पिक्चरचं. बापानं मुलीसाठी गाणं बनवलं असं सांगायची बाबांना लाज वाटली. तोंडाला आलं ते बोलून गेले, आणि एकदा पाडलेला पिक्चर मग उचलता येईना.

मी ओसरीच्या कडेला बसून राहिले. लाज कसली वाटली असेल या माणसाला? हजार लोकांपुढं छाती फुगवून वाजवणारा हा माणूस! पण आमच्याकडचे बाप असेच. गाईच्या पाठीवरून हात फिरवतील, मुलीच्या फिरवणार नाहीत.

आता मात्र ती धून मी सोडणार नव्हते. काय लावलंय? माझ्या बापानं माझ्यासाठी बनवलेली वस्तू, तिच्यावर कोणी परक्यानं नाव घालायचं आणि आम्ही बासरी लावून गप्प बसायचं? मी हरकत घ्यायची ठरवलं. आणि लगेच लक्षात आलं की आपण स्वतःच आपले पाय बांधून ठेवलेत. व्हिडिओचं नाव काय, तर जुन्या चित्रपटातील गीत. आणि बाबा स्वतःच्या तोंडानं सांगतायत, जुन्या पिक्चरचं गाणं ऐका. ते लोक म्हणतील, बाई, तुम्हीच तर म्हणता तुमचं नाही म्हणून.

"नाव बदलते अन् तुमी बोलता तेवढा तुकडा कापून टाकते," मी म्हटलं.

"नको," बाबा म्हणाले. "खोटं बोललो थे बोललो. तसंच लिह्य."

"मंग कोन मानंन?"

आईला माझ्या लग्नाचं शूटिंग आठवलं. बरोबर! त्यात बिदाई असणार, बाबा वाजवताना असणार, आणि ते त्या स्टुडिओच्या धुनेपेक्षा कितीतरी जुनं. पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या शालूखाली सीडी निघाली. फोटो स्टुडिओवाल्यानं बऱ्याच खटपटीनंतर ती पेनड्राइव्हवर घेऊन दिली. घरी येऊन आम्ही टीव्हीला लावली. हळद झाली, अक्षता झाल्या, पंगती झाल्या. बिदाई आली. मी जीपकडं चालले आहे, बाजूला बँड आहे, आणि आवाज काय येतोय? पिक्चरचं गाणं! खरंखुरं, गाजलेलं, सगळ्यांच्या लग्नाच्या सीडीत असतं ते. शूटिंगवाल्यानं मूळ आवाज काढून टाकून बिदाईवर ते चिकटवलं होतं.

मी त्या शूटिंगवाल्याच्या नावानं जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या वक्ती आपल्यालेच लय आवडलं होतं थे. तूच सासरी समद्यायले दाखवत होती." खरं होतं. उलट हे कुठं टाकलं असतं तर आणखी एक दावा बसला असता.

मी टीव्ही बंद करायला उठले तर बाबा म्हणाले, "थांब. आवाज बंद कर निस्ता."

आवाज बंद केला. पडद्यावर तरणे बाबा फुंकत होते. त्यांच्या बोटांकडं हे बाबा टक लावून बघत होते. मग उठले, आतून क्लॅरनेट आणली, तिची तोंडाजवळची पट्टी जिभेवर ओली केली. "पयल्यापासून लाव."

मी लावलं. पडद्यावरच्या माणसाची बोटं हलली तशी खोलीतल्या माणसाची हलली. वीस वर्षांपूर्वीचे मुके बाबा आणि आजचे बाबा एकाच वेळी एकच धून वाजवत होते, बोट न् बोट जुळत होतं. मी फोन काढून दोघांनाही एकत्र टिपायला लागले.

आवाज ऐकून शेजारचे कचरूकाका आले. बाबांच्या बँडमध्ये ते पहिल्यापासून ढोल वाजवतात. दारातूनच म्हणाले, "अरे बाप्पा, हे तं आपलं पडलेल्या पिक्चरचं!" आईनं त्यांना खुणेनं गप्प बसवलं.

त्या शूटिंगमध्ये एक गोष्ट होती, सासरी सीडी दाखवताना माझी नजर माझ्यावरच असायची म्हणून ती मला कधी दिसलीच नव्हती. मी जीपमध्ये बसते आणि समोर बघत राहते. कॅमेरा माझ्यावरून हलून बाबांवर जातो. ते माझ्याकडं बघून वाजवतायत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहतंय. मग मध्येच बोटं थांबतात, क्लॅरनेट ओठांवरून सुटते, ते कोटाच्या बाहीनं डोळे पुसतात आणि पुन्हा तिथूनच धरतात.

खोलीतले बाबाही तिथंच थांबले. तेवढेच थांबले. आणि तिथूनच पुढं वाजवायला लागले.

ती थांबायची जागा मला माहीत होती. मोताळ्यात कोणालाही विचारा, त्या धुनेत मध्ये एका ठिकाणी सगळं बंद पडतं आणि लोकांच्या काळजात चर्र होतं. ढोलवालेही तिथं हात वर उचलून धरतात. आम्हाला वाटायचं, चालच तशी आहे.

मी फोनवर त्या स्टुडिओची धून लावली. ते कीबोर्ड, ते धडाधड ढोल. आणि त्याच ठिकाणी, अगदी तेवढंच, सगळं बंद. पुन्हा सुरू.

"पाह्यलं का," मी म्हटलं. त्यांनी चाल तर उचललीच होती, माझ्या बापानं माझ्यासाठी डोळे पुसले तेवढा वेळसुद्धा उचलून नेला होता. आणि मी वीस वर्षं समजत होते की हा माणूस त्या दिवशी धंदा करत होता! मी सरळ बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ते क्लॅरनेट सांभाळत ताठ बसून राहिले. नंतर म्हणाले, "हं."

तेवढ्यात आईनं कचरूकाकांना सगळं सांगितलं आणि ते कपाळाला हात लावून खाली बसले. "मास्तर! इतके वर्षं म्या लोकायले सांगून राह्यलो का थो पिक्चर म्या मलकापूरच्या टाकीजमधी पाह्यला म्हनून! हिरोईन मरते शेवटी, असंही सांगतलं!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

हरकत मी त्याच दिवशी लिहिली. बाबा शेजारी बसून होते. ही धून माझ्या वडिलांनी माझ्या लग्नासाठी बनवली. आम्ही आजवर ती पिक्चरची असल्याचं सांगत आलो, ते खोटं होतं, असा पिक्चर कधी निघालाच नाही. सोबत लग्नाचं शूटिंग आहे, त्यातला आवाज नाही पण बोटं बघा. मध्ये जे थांबणं आहे ते चालीतलं नाही, त्या वेळी माझे वडील रडत होते. तुमच्या धुनेतही ते आहे. ते तुमच्याकडं कुठून आलं तेवढं सांगा.

दोन्ही बाबांना एकत्र टिपलेला तो व्हिडिओ, टीव्ही मुका ठेवलेला, मी चॅनलवर टाकला आणि त्याची लिंक दिली. उत्तर द्यायला त्यांना महिनाभराची मुदत असते. मी रोज फोन बघायची, बाबा काही विचारायचे नाहीत. आई मात्र सांगायची की अलीकडं ते बिदाईची धून वाजवतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, कोनाच्या नावावर हाये थे पह्यले ठरू दे. तेव्हा मला कळलं की यांना किती लागलंय. पोळ्यानंतर त्यांनी सरावालासुद्धा ती काढली नव्हती.

महिना सरता सरता निरोप आला. दावा मागं घेतला आहे. बस, एवढंच. ना माफी, ना खुलासा. आमच्या व्हिडिओखालचं ते नाव गेलं. मी फोन करून ओरडतच सांगितलं. बाबा म्हणाले, "हं." पण आई सांगते, फोन ठेवल्यावर ते बराच वेळ अंगणात येरझारा घालत होते.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. पहिलंच लग्न मोताळ्यात, आमच्या आळीतल्या मुलीचं. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेले. बिदाईची वेळ झाली. मुलीचा बाप घामाघूम होऊन बँडजवळ आला, त्याचा चेहरा आधीच उतरला होता. "मास्तर, थे पडलेल्या पिक्चरचं वाजवा."

कचरूकाका आभाळाकडं बघायला लागले. बाबांनी टोपी सारखी केली.

"पिक्चरचं नाही थे," बाबा म्हणाले. "माह्या राखीचं हाये. तिच्या लग्नात बनवलं होतं."

आता याचा चेहरा पडतो की काय? त्या माणसानं मुलीकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "मंग माह्या पोरीले चालंन का?"

"चालते," बाबा म्हणाले. "तुमी गाडीपाशी जाऊन उभे राहा. पोरगी शोधते बापाले."

तो गेला. बाबांनी धून धरली. मुलगी बापाच्या गळ्यात पडली, बाया रडायला लागल्या. मग ती थांबायची जागा आली. ढोलवाल्यांनी हात वर धरले, सगळं शांत झालं. बाबांनी क्लॅरनेट ओठांपासून काढली आणि गर्दीत इकडं तिकडं बघायला लागले. या वेळी मी जीपमध्ये नव्हते. मी त्यांच्या समोरच उभी होते. मी हात वर करून दाखवला, आणि त्यांनी पुढचं वाजवायला घेतलं.